मूत्राशयातील दुर्मिळ सौम्य गाठी: ‘सौम्य’ हा अहवाल खरा कधी धरावा?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या ६४ वर्षांच्या वडिलांच्या लघवीतून दोनदा रक्त गेले, सोनोग्राफीत मूत्राशयात दीड सेंटिमीटरची गाठ दिसली, युरोलॉजिस्टनी दुर्बिणीतून पाहून कॅन्सरची शंका बोलून दाखवली आणि गाठ खरवडून काढली. परंतु पॅथॉलॉजीचा अहवाल मात्र ‘नेफ्रोजेनिक अडेनोमा, सौम्य’ असा आला. वडिलांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया साधारण वर्षभरापूर्वी झाली होती आणि त्यानंतर काही आठवडे त्यांना कॅथेटर होता. घरात आता दोन मते झाली आहेत: सुटलो म्हणणारे आणि अहवालच चुकला असेल म्हणणारे. हा अहवाल खरा धरावा का, दुसरे मत घ्यायचे तर ते कसे घ्यावे, आणि पुढची दुर्बीण-तपासणी दिवाळीनंतर केली तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वडोदऱ्यातच बायोप्सी पाहण्यात माझी बहुतेक कारकीर्द गेली. त्यामुळे उपचाराचा निर्णय आपल्या युरोलॉजिस्टवर सोडून मी निदानापुरतेच लिहितो. आपण दिलेला वृत्तान्त या निदानाशी चांगला जुळतो. तरीही माझ्या मते मूत्राशयातल्या कोणत्याही विरळ सौम्य गाठीचे निदान केवळ काचपट्टीवर ठरवू नये. रुग्णाला आधी काय झाले होते, गाठ नेमकी कुठे होती, दुर्बिणीतून ती कशी दिसली आणि तुकडा किती खोलवरून घेतला, या चार गोष्टी पॅथॉलॉजिस्टला ठाऊक असतील तरच ‘सौम्य’ या शब्दाला वजन येते.

युरोलॉजिस्टनी आधी कॅन्सरची शंका घेतली यात त्यांचे काहीही चुकले नाही. साठी उलटलेल्या पुरुषाच्या लघवीतून वेदना नसताना रक्त जाणे आणि मूत्राशयात गाठ दिसणे, एवढ्यावर पहिली शंका कॅन्सरचीच घ्यायची असते. मूत्राशयाच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के मूत्राशयाच्या अस्तरातून, म्हणजे युरोथेलियममधून उगवतात आणि त्यांच्यापुढे सौम्य गाठींची संख्या अगदी नगण्य असते. आपल्या भागात आणखी एक गोष्ट मी आवर्जून विचारतो, ती म्हणजे रुग्णाची नोकरी. नंदेसरीपासून अंकलेश्वर-वापीपर्यंत रंग आणि रसायनांचे कारखाने आहेत. रंग कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे जर्मनीत १८९५ मध्येच नोंदले गेले होते. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाईन ही द्रव्ये त्यासाठी दोषी ठरली. संपर्क आणि आजार यांच्यात अनेक दशकांचे अंतर पडू शकते, त्यामुळे निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली म्हणून हा प्रश्न गैरलागू ठरत नाही. तंबाखू तर विचारायलाच हवी. आपल्या वडिलांच्या बाबतीत यांपैकी काही असेल तर ते युरोलॉजिस्टना सांगितले आहे ना, याची खात्री करा; सौम्य अहवाल आल्यानंतरही पुढची देखरेख किती कडक ठेवायची हे त्यावर ठरते.

आता नेफ्रोजेनिक अडेनोमाकडे वळतो. हे नाव १९५० मध्ये रूढ झाले. मूत्राशयाच्या अस्तराला कशाने तरी इजा झालेली असते, मग ती शस्त्रक्रिया असो, खडा असो, कॅथेटर असो, वारंवारचा जंतुसंसर्ग असो किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी दिलेले बीसीजी लसीचे उपचार असोत. आणि त्या जागी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांसारख्या नळ्या वाढू लागतात. बराच काळ असे मानले जाई की जखमी अस्तराच्या पेशीच आपले रूप बदलतात. २००२ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्रीचे मूत्रपिंड पुरुषाला किंवा पुरुषाचे स्त्रीला बसवलेले असेल, तर गाठीतल्या पेशींच्या लिंगगुणसूत्रांवरून त्या कोणाच्या हे ओळखता येते. त्या गाठी दात्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून झालेल्या आढळल्या. म्हणजे किमान या रुग्णांत तरी मूत्रपिंडातून सुटलेल्या पेशी लघवीबरोबर खाली येऊन जखमेच्या जागी रुजतात. गुजरातेत मूतखड्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे अस्तराला इजा होण्याचे निमित्त आपल्याकडे तसेही मुबलक आहे.

दुर्बिणीतून ही गाठ मखमली, बारीक कोंबांची दिसते आणि म्हणूनच ती कॅन्सर वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र वेगळे असते. एकेरी थराच्या बुटक्या पेशींनी मढलेल्या लहान नळ्या, काही नळ्यांभोवती जाड झालेली गुलाबी आधारपटलाची कड, नळ्यांच्या पोकळीत निळसर किंवा गुलाबी स्राव, मधूनच पोकळीत पुढे झुकलेली केंद्रके आणि आजूबाजूला सूज. पेशींचे विभाजन शोधूनही क्वचितच सापडते. एवढे सगळे एका काचपट्टीवर व्यवस्थित दिसले तर निदान अवघड नसते. परंतु प्रत्यक्षात खरवडलेल्या तुकड्यांच्या कडा विजेच्या उष्णतेने करपलेल्या असतात, तुकडा तिरका कापला गेलेला असतो, आणि नेमक्या त्या जागी दोन-चार नळ्या स्नायूच्या धाग्यांमध्ये शिरल्यासारख्या दिसतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रमार्गाच्या सुरुवातीला ही गाठ झाली असेल तर ती प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणून फसवू शकते. त्यातच प्रोस्टेट कॅन्सरसाठी वापरला जाणारा ‘एएमएसीआर’ हा मार्कर, म्हणजे पेशीतले ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी खूण, येथेही पुष्कळदा रंगतो. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे मार्कर लावून पाहण्याच्या या पद्धतीत, एका मार्करवर भिस्त ठेवता येत नाही. मूत्रपिंडाच्या पेशींत आढळणारा ‘पॅक्स-८’ रंगतो आणि पीएसए व ‘एनकेएक्स-३.१’ हे प्रोस्टेटचे मार्कर रंगत नाहीत, अशी जोडी जमली तर प्रोस्टेटचा प्रश्न मिटतो.

तेवढ्याने सगळे प्रश्न मिटतात असेही नाही, आणि याच ठिकाणी घाई केलेली मी वारंवार पाहतो. ‘पॅक्स-८’ क्लिअर सेल अडेनोकार्सिनोमा या विरळ परंतु खऱ्या कॅन्सरमध्येही रंगतो. स्त्रियांच्या मूत्राशयात एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती, असेल तर त्यातल्या ग्रंथींतही तो रंगतो. म्हणजे एकच मार्कर तीन अगदी वेगळ्या गोष्टींत होकार देतो, आणि मग पुन्हा पेशींकडेच यावे लागते: केंद्रके किती विद्रूप आहेत, विभाजन किती आहे, ‘केआय-६७’ हा पेशीवाढीचा मार्कर किती टक्के पेशींत आहे, पेशींचा मृत्यू झालेले पट्टे आहेत का, गाठ भिंतीत खोल शिरली आहे का. आपल्या वडिलांच्या अहवालात या गोष्टींचा उल्लेख असेल तर तो अहवाल काळजीपूर्वक लिहिलेला आहे असे समजायला हरकत नाही. नुसते एका ओळीत निदान लिहिले असेल तर ते चूक ठरत नाही, पण तपशील विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

अहवालात आणखी एक वाक्य शोधा: तुकड्यांत डिट्रुसर स्नायू, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा जाड स्नायू, आला आहे की नाही. गाठ खोल गेली आहे का, याचे उत्तर त्याशिवाय देता येत नाही. स्नायू नसलेला वरवरचा तुकडा सौम्य दिसला तर तो भाग सौम्य, एवढेच म्हणता येते.

नेमक्या याच कारणाने लायोमायोमाचे निदान पहिल्या फेरीत हुकते. मूत्राशयाच्या स्नायूतून उगवणारी ही गाठ सौम्य मेसेन्कायमल (स्नायू, रक्तवाहिन्या अशा आधार-ऊतींच्या) गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळते, तरी मूत्राशयाच्या सगळ्या गाठींत तिचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. ती स्त्रियांत अधिक सापडते. दुर्बिणीतून पाहिले तर वरचे अस्तर गुळगुळीत, निरोगी असते आणि ते खालून फुगून आलेले दिसते. चिमट्याने वरचा तुकडा घेतला की अहवाल येतो ‘अस्तर प्राकृत’, आणि रुग्ण गाठ घेऊन घरी जातो. एमआरआयच्या टी-२ प्रतिमेत काळसर, रेखीव गाठ दिसली तर खोल तुकडा घ्यावा, असे मी युरोलॉजिस्टना सुचवतो. मग ‘डेस्मिन’ आणि ‘स्मूथ मसल अॅक्टिन’ यांनी गाठ स्नायूची आहे हे कळते. ती सार्कोमा, म्हणजे अशा ऊतींचा कॅन्सर, नाही हे मात्र विभाजने, विद्रूपता आणि पेशीमृत्यू यांवरूनच ठरवावे लागते.

ज्या गाठीला चुकूनसुद्धा अविचाराने हात लावू नये अशी एक गाठ आहे: पॅरागँग्लिओमा. खरे तर तिला ‘सौम्य’ म्हणणे आता सोडून दिले आहे. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात प्रत्येक पॅरागँग्लिओमात पसरण्याची क्षमता असू शकते असेच धरले जाते. तरीही सौम्य गाठींच्या चर्चेत ती घ्यावी लागते, कारण ओळखू न येण्याचा धोका हिच्यात सर्वांत मोठा. मूत्राशयातील अशी गाठ १९५३ मध्ये प्रथम नोंदवली गेली. ती अॅड्रिनलिनच्या कुळातली संप्रेरके सोडते. रुग्ण लघवीला बसतो, मूत्राशय आकुंचन पावतो, गाठ दाबली जाते आणि त्याच क्षणी डोके ठणकते, छाती धडधडते, घाम फुटतो, रक्तदाब चढतो, कधी चक्करही येते. बायका-पुरुष दोघेही ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत. “लघवी करताना घाबरल्यासारखे होते” एवढेच म्हणतात, आणि ते चिंता किंवा अॅसिडिटीच्या खात्यात जमा होते. म्हणून मूत्राशयात गाठ सापडलेल्या प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारावा असा माझा आग्रह असतो. उत्तर होकारार्थी असेल तर दुर्बिणीतून तुकडा घेण्याआधी रक्तातील किंवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन्स, म्हणजे या संप्रेरकांपासून बनणारी द्रव्ये, तपासतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी साधारण एक ते दोन आठवडे अल्फा-ब्लॉकर औषधे देतात. हे न करता गाठ खरवडायला घेतली तर भुलीखाली रक्तदाब बेफाम चढू शकतो. काही गाठी मुक्या असतात, त्यांत ही लक्षणे नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

पॅथॉलॉजिस्टचीही येथे कसोटी लागते. पॅरागँग्लिओमाच्या पेशी स्नायूंच्या धाग्यांत घरट्याघरट्यांनी शिरलेल्या दिसतात, आणि स्नायूत शिरलेला युरोथेलियल कॅन्सर समजून मूत्राशय काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ‘जाटा-३’ हा मार्कर युरोथेलियल कॅन्सरचा मानला जातो, पण तो पॅरागँग्लिओमातही रंगतो. जोडीला केराटिन (अस्तराच्या पेशींचा मार्कर), सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन (संप्रेरके सोडणाऱ्या पेशींचे मार्कर) लावले की उलगडा होतो: केराटिन रिकामे, बाकी दोन रंगलेले. वरचे अस्तर साबूत आहे आणि घरट्यांच्या मधून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे गेले आहे एवढे दिसले, तरी मी हे तीन मार्कर मागवल्याशिवाय सही करत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत पाळीचा इतिहास विचारणे याच मोलाचे. मूत्रमार्गातील एंडोमेट्रिओसिसचा सर्वांत मोठा वाटा मूत्राशयातच असतो. आधी सिझेरियन झालेले असेल तर शंका अधिक. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात दुखणे आणि लघवीला जळजळ हे नेहमीचे लक्षण असते; रक्त दिसतेच असे नाही, कारण गाठ भिंतीच्या बाहेरून आत सरकत येते. पाळीच्या आसपास दुर्बीण घातली तर निळसर फुगवटा दिसतो, एरवी काही दिसेलच असे नाही. जळजळीसाठी महिनोन्महिने प्रतिजैविके घेतलेल्या, आणि लघवीच्या कल्चरमध्ये एकदाही जंतू न सापडलेल्या स्त्रीला कोणीतरी तारखांची वही ठेवायला सांगितले असते तर निदान लवकर झाले असते.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा हा तुलनेने सोपा. ट्रायगोनच्या (मूत्राशयाच्या तळाच्या त्रिकोणी भागाच्या) किंवा मूत्राशयाच्या मुखाच्या आसपास, गुळगुळीत, देठ असलेली गाठ. अस्तर बाहेर वाढण्याऐवजी आत वळलेले. पूर्ण निघाली तर परत होण्याचे प्रमाण फार थोडे. अट एकच: बाहेर वाढलेला कोंबाचा भाग कुठे नाही ना आणि पेशी विद्रूप नाहीत ना, हे सगळ्या तुकड्यांत पाहिलेले असावे. मूत्राशयाच्या घुमटावरील व्हिलस अडेनोमातही गाठ पूर्ण कापून पाहावी लागते, कारण शेजारीच अडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, लपलेला असू शकतो.

शस्त्रक्रियेची तारीख फॉर्मवर न लिहिल्यामुळे सर्वांत जास्त गोंधळ कुठे होत असेल तर तो शस्त्रक्रियेनंतरच्या स्पिंडल सेल गाठीत. मूत्राशयावर काही काम झाल्यानंतर काही आठवड्यांत त्या जागी लांबट पेशींची झपाट्याने वाढणारी गाठ होते, विभाजने भरपूर दिसतात, आणि अनोळखी नजरेला ती सार्कोमाच वाटते. १९८४ मध्ये तिचे वर्णन झाले. तिच्याशी मिळतेजुळते रूप इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमरचे. त्यात ‘एएलके’ मार्कर बऱ्याचदा रंगतो आणि केराटिनही रंगते, म्हणून केराटिन पाहून कार्सिनोमाचा (अस्तराच्या पेशींच्या कॅन्सरचा) शिक्का मारणाऱ्याची फसगत होते. ही गाठ पूर्णतः निरुपद्रवी म्हणून सोडून देत नाहीत. तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

मॅलॅकोप्लाकिया हा संसर्गातून होणारा, गाठीसारखा दिसणारा दाह १९०२ पासून माहीत आहे. मधुमेही, प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण, बहुधा ई. कोलायचा वारंवार संसर्ग, आणि दुर्बिणीतून पिवळसर मऊ चकत्या. भक्षक पेशी जंतू गिळतात, पण पचवू शकत नाहीत. उरलेल्या अवशेषांवर कॅल्शियम आणि लोह साचून पाच ते दहा मायक्रॉनचे, एकात एक वर्तुळे असलेले गोल दिसतात. कॅल्शियमसाठी फॉन कोसा आणि लोहासाठी पर्ल्स ही जुनी, स्वस्त रंजके येथे पुरेशी आहेत. उपचार दीर्घकाळच्या प्रतिजैविकांनी, अनेकदा फ्लुरोक्विनोलोन गटातल्या, होतो. आणि आपल्या देशात येथेच सावध राहावे लागते, कारण याच गटातली औषधे क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबून ठेवतात आणि मूत्राशयाचा क्षय असेल तर त्याचे निदान लांबते. म्हणून लघवीत पू आहे पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असे असेल तर औषध सुरू करण्याआधी सकाळच्या लघवीची क्षयासाठी तपासणी, जीनएक्सपर्टसह, करून घ्यावी.

अमायलॉइड (ऊतीत साचलेले विकृत प्रथिन), हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ), इओसिनोफिलिक सिस्टायटिस (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा मूत्राशयदाह) यांबद्दल येथे फार लिहीत नाही. पहिल्यासाठी काँगो रेड हे रंजक लावण्याची आठवण झाली पाहिजे, दुसऱ्यात निळसर गाठीला चिमटा लावण्याआधी रक्तस्रावाची तयारी पाहिजे, तिसऱ्यात रक्तातले इओसिनोफिल आणि चालू औषधांची यादी पाहिली पाहिजे. एक आठवण मात्र मराठी वाचकांसाठी: मूत्राशयातील शिस्टोसोमा कृमी भारतात सहसा नसतो असे आपण शिकवतो, पण रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५२ मध्ये त्याचे केंद्र नोंदले गेले होते. बडोद्यात पूर्व आफ्रिकेत आयुष्य काढून परतलेली कुटुंबे आहेत, त्यामुळे रुग्ण कुठे राहून आला हेही विचारावे. टोकाला काटा असलेले अंडे ऊतीत सापडले तर गाठीचा सगळा अर्थच बदलतो.

आता दुसऱ्या मताबद्दल. नुसता अहवाल किंवा मोबाईलवर काढलेला काचपट्टीचा फोटो पाठवून दुसरे मत मिळत नाही. प्रयोगशाळेकडून मूळ काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ब्लॉक असेल तरच नवीन मार्कर लावता येतात. त्याबरोबर सोनोग्राफी, दुर्बिणीची नोंद, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा अहवाल आणि त्या वेळच्या प्रोस्टेटच्या तुकड्यांचा अहवाल द्या. ब्लॉकमधले मेण साधारण ५६ ते ५८ अंशांवर वितळते, म्हणून मे महिन्यात ते स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नका. वडोदऱ्यात मोठ्या रुग्णालयांतून, आणि जवळच नडियादच्या मूत्रविकारांच्या विशेष रुग्णालयात, असे मत घेण्याची सोय आहे. दोन पॅथॉलॉजिस्टांची मते वेगळी आली तर गोंधळून जाऊ नका. बहुतेक वेळा एकाला माहिती जास्त मिळालेली असते, आणि दोघांना एकमेकांशी बोलू दिले की मतभेद सुटतो.

पुढे कधी तुकडा घ्यावा लागला तर तो दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये लगेच टाकला जातो ना, हे विचारा. सलाईनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा पेशींच्या कडा विरघळलेल्या असतात आणि मार्करही नीट रंगत नाहीत. मग कितीही अनुभवी माणसाने पाहिले तरी उत्तर ‘अनिर्णित’ असेच येते.

शेवटी दिवाळीचा प्रश्न. नेफ्रोजेनिक अडेनोमा परत होऊ शकतो, त्यामुळे पाहणी चुकवता येत नाही; साधारण तीन महिन्यांनी एकदा दुर्बीण घालून जागा पाहणे आणि नंतरचे अंतर युरोलॉजिस्टनी ठरवणे ही बहुतेकांची पद्धत आहे. अहवालात स्नायूचा उल्लेख आहे आणि काढलेली जागा स्वच्छ होती असे युरोलॉजिस्ट म्हणत असतील, तर त्यांना विचारून ती तारीख दोन-तीन आठवडे पुढे नेण्यात माझ्या मते गैर काही नाही. स्नायूचा उल्लेख नसेल, नोकरीच्या किंवा तंबाखूच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, किंवा दुसरे मत अजून आलेले नसेल, तर थांबू नका. आणि मधल्या काळात लघवीतून गुठळ्या पडल्या, लघवी अडली किंवा तापासह थंडी भरली, तर सण असो नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.